मुष्टियोद्ध्याचे बल आणि ठोशाची शक्ती : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी अभ्यास

महाराष्ट्रातील वैद्याला मल्ल नवा नाही. तालीम, वस्ताद, जोर-बैठका, दूध-तूप-बदाम आणि अंगमर्दन ही परंपरा आपल्या आजोबा-पणजोबा वैद्यांनी जवळून पाहिलेली आहे. गेल्या काही वर्षांत मात्र चिकित्सालयाच्या पायऱ्या मुष्टियुद्ध खेळणारे तरुण आणि तरुणीही चढू लागले आहेत. २००८ साली बीजिंग येथे विजेंदर सिंग, २०१२ साली लंडन येथे मेरी कोम आणि २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लव्हलिना बोरगोहाईं यांनी कांस्यपदके मिळविली. निखत जरीन २०२२ व २०२३ या लागोपाठ दोन वर्षी जगज्जेती ठरली. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये लष्कराचे मुष्टियोद्धे घडविले जातात. या यशामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलांनी हातमोजे चढविले आणि त्यांच्याबरोबर एक ठरावीक प्रश्न आपल्यापर्यंत आला : "वैद्यराज, ठोसा जड होईल असे काही औषध द्या."

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तराची जबाबदारी मोठी आहे. ठोशाचे बल कोठून येते हे न जाणता दिलेले बल्य औषध निरुपयोगी ठरते. स्पर्धेचे नियम न जाणता दिलेले औषध तर खेळाडूची कारकीर्दच संपवू शकते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ठोशाची यंत्रणा, शास्त्रोक्त बलविचार, व्यायामयोजना, आहार, शोधनाचा गैरवापर आणि औषधनिवड या क्रमाने विषयाची मांडणी करीत आहोत.

१. ठोसा हातातून निघतो, पण जन्मतो पायात

पाहणाऱ्याला केवळ मूठ दिसते. परंतु बल जमिनीला दिलेल्या रेट्यातून सुरू होते. मागचा पाय जमीन ढकलतो, कटी वळते, त्यामागोमाग धड व स्कंध फिरतात आणि शेवटी कूर्पर सरळ होऊन मूठ लक्ष्यावर आदळते. साखळीतील एक कडी ढिली असेल तर पुढील कडीला मिळणारे बल तेथेच गळते.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात मुष्टियोद्ध्यांच्या ठोशातील प्रत्येक अवयवाचा वाटा मोजण्यात आला. उच्च दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळण्याचा सुमारे ३७ टक्के आणि बाहूंचा सुमारे २४ टक्के आढळला. नवशिक्यांमध्ये पायांचा वाटा जेमतेम १७ टक्के, तर बाहूंचा ३८ टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे नवशिका हाताने मारतो आणि जाणकार पायाने मारतो. "दंड भरण्यासाठी" औषध मागणाऱ्या मुलाला हे आकडे आधी सांगावेत.

२००० साली इंग्लंडमधील संशोधकांनी बलमापक यंत्रावर ठोसे मोजले. मागच्या हाताचा कमाल ठोसा उच्च दर्जाच्या गटात सरासरी ४८०० न्यूटन, मध्यम गटात ३७२२ व नवशिक्यांत २३८१ न्यूटन भरला. पुढच्या हाताचे आकडे अनुक्रमे २८४७, २२८३ व १६०४ न्यूटन होते. ४८०० न्यूटन म्हणजे सुमारे ४९० किलो वजनाइतका, क्षणार्धात येणारा दाब होय. २०१६ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातील मुष्टियोद्ध्यांवर झालेल्या अभ्यासात ठोशाचे बल आणि उभ्या उडीची उंची यांचा निकटचा संबंध दिसून आला. ज्याची उडी उंच, त्याचा ठोसा जड, असा त्याचा स्थूल अर्थ घेता येईल.

वेगाचाही एक बारकावा ध्यानात ठेवावा. मांसपेशीला आपले कमाल बल उत्पन्न करण्यास साधारण तीन दशांश सेकंद किंवा अधिक अवधी लागतो, आणि ठोशाला तेवढा अवधी नसतो. म्हणून किती वजन उचलता येते याबरोबरच ते बल किती लवकर प्रकट होते हेही महत्त्वाचे ठरते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या लढवय्यांच्या मांसपेशी प्रहाराच्या आरंभी आकुंचित होतात, मध्ये शिथिल होतात व आदळण्याच्या क्षणी पुन्हा आकुंचित होतात, असे दिसले. मधल्या शैथिल्यामुळे मूठ वेगाने जाते आणि अखेरच्या ताठरपणामुळे मुठीमागे धडाचे वजन उभे राहते. सतत आखडलेल्या खांद्यांनी मारणारा खेळाडू थकतोही लवकर आणि त्याचा ठोसाही हलका पडतो.

२. शास्त्रातील बलविचार

चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. सहज बल जन्मतः येते. कालज बल ऋतू व वय यांवर अवलंबून असते. युक्तिकृत बल आहार आणि चेष्टा यांच्या योग्य योजनेतून मिळते. प्रशिक्षक आणि वैद्य यांचे कार्यक्षेत्र हे तिसरे बल होय, आणि ग्रंथकारांनी त्यात आहार व व्यायाम यांना अग्रस्थान दिले आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

विमानस्थानातील दशविध परीक्षेत सार, संहनन, सत्त्व, आहारशक्ती व व्यायामशक्ती यांचा स्वतंत्र विचार आहे. केवळ शरीराचा आकार पाहून बलाचा निर्णय करू नये, असा इशारा आचार्यांनी तेथेच दिला असून मुंगी आपल्या देहापेक्षा कितीतरी मोठा भार वाहते हा दृष्टांत जोडला आहे. वजनगटांत विभागलेल्या खेळाला हा दृष्टांत चपखल लागू पडतो. ६० किलोच्या खेळाडूला ७० किलोचा देह नको असतो. त्याला ६० किलोतच अधिक सार हवे असते.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात स्नायूंना फळ्या बांधून भार पेलणाऱ्या नौकेच्या बंधनांची उपमा दिली आहे. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आजच्या मराठीत 'स्नायू' हा शब्द मांसपेशी या अर्थाने रूढ झाला आहे, तर संहितेतील स्नायू म्हणजे सांधे व पेशी बांधून ठेवणारी बंधने. मांसपेशी काही आठवड्यांत बळकट होतात, पण बंधनांना दृढ होण्यास अधिक काळ लागतो. झपाट्याने वजन वाढविणाऱ्या तरुणांचे मणिबंध व स्कंध दुखावतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

व्यायामाच्या मात्रेविषयी वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषानेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर काळी त्याहून कमी करावा, असे सांगितले. हृदयस्थ वायू मुखाने बाहेर पडू लागणे, म्हणजे तोंडाने धाप लागणे, हे अर्धशक्तीचे लक्षण सुश्रुताने नोंदविले. अतिव्यायामातून श्रम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, कास, ज्वर व छर्दी संभवतात. यावर प्रश्न उपस्थित होतो की मुष्टियोद्धा तर रोज अर्धशक्ती ओलांडतो, मग त्याचे काय? आमच्या मते अर्धशक्तीचा नियम स्वस्थवृत्ताचा, नित्याचा आहे. खेळाडूला काही दिवस ती मर्यादा ओलांडावी लागते. परंतु ती रोज ओलांडली, तर ग्रंथोक्त उपद्रव त्यालाही चुकत नाहीत. चरकाने सवयी सोडण्या-धरण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम येथे मार्गदर्शक मानावा. भार थोड्या अंशाने वाढवावा, तो सात्म्य होऊ द्यावा आणि मगच पुढील अंश घ्यावा.

३. व्यायामयोजना

वैद्याने प्रशिक्षकाची जागा घेऊ नये. तथापि योजना समजून घेतल्याशिवाय आहार व औषध ठरविता येत नाही. म्हणून तिची स्थूल रूपरेषा देतो.

पहिला टप्पा सहा ते आठ आठवड्यांचा, पाया घालण्याचा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस बैठका, जोर, दोरीवरच्या उड्या, पाठ व उदराचे व्यायाम आणि मानेचे सौम्य व्यायाम. आपल्या तालमींतील मुद्गल व करेला यांचा उपयोग येथे उत्तम होतो, कारण त्यांत कटी, धड व स्कंध यांची वळण घेणारी हालचाल क्रमाने घडते आणि मुठीची पकडही सुधारते.

दुसरा टप्पा बलवृद्धीचा. खांद्यावर भार घेऊन बैठक, जमिनीवरून भार उचलणे, पट्टीला लोंबकळून वर खेचणे आणि छातीवरून भार ढकलणे हे मुख्य व्यायाम. प्रत्येकाच्या तीन ते पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन ते सहा आवर्तने आणि दोन फेऱ्यांमध्ये सुमारे तीन मिनिटे विश्रांती. ही दीर्घ विश्रांती आळसासाठी नसून पुढची फेरी पूर्ण बलाने व्हावी यासाठी असते.

तिसरा टप्पा वेगवान बलाचा. उभ्या व लांब उड्या, तीन ते पाच किलोचा जड चेंडू कमरेतून वळून भिंतीवर फेकणे, पंचिंग बॅगवर मोजके पण पूर्ण वेगाचे ठोसे. आवर्तने थोडी ठेवावीत व वेग मंदावताच फेरी थांबवावी. थकलेल्या अवस्थेत केलेला वेगाचा सराव शरीराला मंदपणाच शिकवितो.

स्पर्धेच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत व्यायामाची संख्या निम्म्यापर्यंत कमी करावी, वेग मात्र टिकवावा. या काळात "आता शेवटचे रगडून घेऊ" हा विचार घातक होय.

एक रूढ चूक येथे नमूद करतो. अनेक मुले हातात डंबेल घेऊन हवेत ठोसे मारतात. डंबेलचा भार खालच्या दिशेने ओढतो आणि ठोसा जातो पुढच्या दिशेने. त्यामुळे श्रम स्कंधसंधीला होतात, ठोशाला फारसा लाभ होत नाही आणि हालचालीची ढब बिघडते ती वेगळीच.

ऋतुविचारही करावा. विसर्गकाळाच्या अखेरीस व हेमंत-शिशिरात बल उत्तम असते. जड भाराचा टप्पा शक्यतो या काळात घ्यावा. ग्रीष्मात स्पर्धा असल्यास सराव पहाटे करावा, संख्या कमी ठेवावी व जलपान सांभाळावे. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे हा वाग्भटाचा उपदेश आजही तितकाच ग्राह्य आहे. नित्य अभ्यंगासाठी तीळतेल पुरेसे होते.

४. आहार

बलवृद्धीच्या काळात प्रथिनांची दैनिक गरज शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.४ ते २ ग्रॅम धरली जाते. ६० किलोच्या खेळाडूला म्हणजे ८४ ते १२० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने असतात. हिशेब घरातल्या अन्नातून बसविता येतो. आहारशक्ती व अग्नी पाहिल्याशिवाय मात्र हे आकडे कागदावरच राहतात. आम असलेल्या, जिभेवर साम लेप असणाऱ्या तरुणाला दूध-तूप-बदाम वाढविण्याने अग्निमांद्यच वाढते. प्रथम दीपन-पाचन, मग बृंहण, हा क्रम सोडू नये.

सरावानंतरच्या थकव्यासाठी चरकाच्या श्रमहर गणाकडे आम्ही आवर्जून पाहतो. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, ऊस, यव आणि षष्टिक तांदूळ ही दहा द्रव्ये. त्यांतील बहुतेक अन्नच आहेत. मनुका-खजुराचे पाणी, डाळिंबाचा रस, सातूचे पीठ किंवा साठेसाळीच्या तांदळाची पेज यांनी खर्ची पडलेली शर्करा व जलांश भरून निघतो आणि खेळाडूला नियमभंगाची भीतीही राहत नाही.

मुलींच्या बाबतीत मासिक ऋतुस्रावाची चौकशी अवश्य करावी. सरावाच्या मानाने आहार कमी पडत असेल तर ऋतुस्राव अनियमित होतो किंवा थांबतो. हे धातुक्षयाचे लक्षण समजावे, कारण पुढे अस्थिधातूही दुर्बल होतो. "खेळाडू मुलींचे असेच असते" म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. रक्तातील हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

५. वजन घटविण्यासाठी शोधन : एक गंभीर इशारा

वजनगटात बसण्यासाठी शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी तोडणे, प्लॅस्टिकचे कपडे घालून घाम काढणे, थुंकत राहणे असे प्रकार खेळाडू करतात. त्यात अलीकडे "एक विरेचन द्या", "स्वेदनपेटीत बसवा" अशा मागण्यांची भर पडली आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅम अधिक भरल्याने अपात्र ठरली. त्या घटनेने देशभरातील खेळाडूंच्या मनात वजनाची धास्ती बसली. धास्तीचे दुसरे टोकही माहीत असावे. अमेरिकेत १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिनाभराच्या अवधीत, महाविद्यालयीन तीन कुस्तीपटू अशाच जलद वजनघटीच्या प्रयत्नात मृत्युमुखी पडले.

विरेचनाने घटलेले वजन बहुतांशी द्रवाचे असते. शोधनानंतर संसर्जनक्रम प्रवर शुद्धीत सात दिवसांचा असतो, या काळात अग्नी व बल दोन्ही मंद असतात आणि व्यायाम वर्ज्य असतो. दुसऱ्याच दिवशी त्या देहाने ठोसे देणे-घेणे हे शास्त्राच्या विरुद्ध तर आहेच, पण धोक्याचेही आहे. निर्जलीभूत शरीरात वृक्क, हृदय व मेंदू तिन्ही संकटात येतात. वजनमापासाठी विरेचन, तीव्र स्वेदन किंवा मूत्रल औषध कोणत्याही वैद्याने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वजन कमी करावयाचेच असेल तर आठवड्याला शरीरभाराच्या अर्धा ते एक टक्का या गतीने, प्रथिने कायम ठेवून, कित्येक आठवडे आधीपासून करावे. शोधन करावयाचे असल्यास ते स्पर्धाहंगाम संपल्यावर करावे.

वजनमापानंतर "सलाइन चढवा" ही मागणीही होते. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेवाटे देणे हे जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे. रुग्णालयात दाखल असताना झालेले उपचार, शस्त्रक्रिया व निदानासाठीच्या तपासण्या एवढेच त्याला अपवाद आहेत. त्या बाटलीत केवळ मिठाचे पाणी असले तरी नियमभंग होतो. आपल्यापैकी जे चिकित्सालयात सलाइन लावतात त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

६. औषधे : काय द्यावे, काय टाळावे

बल्य द्रव्यांत अश्वगंधेविषयी आधुनिक पुरावा काही प्रमाणात उपलब्ध आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारव्यायामाचा फारसा अनुभव नसलेल्या ५७ पुरुषांना आठ आठवडे व्यायामाबरोबर ३०० मिलिग्रॅम मूळ-अर्क दिवसातून दोनदा किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. अश्वगंधा घेणाऱ्यांची छातीवरून ढकलण्याची क्षमता सरासरी ४६ किलोने, तर दुसऱ्या गटाची सुमारे २६ किलोने वाढली. दोन्ही गटांत वाढ झाली, हे ध्यानात घ्यावे. व्यायाम मूळ आणि औषध साहाय्यक. शिवाय हे नवशिके होते, त्यामुळे मुरलेल्या मुष्टियोद्ध्यात तेवढाच लाभ गृहीत धरता येत नाही. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतबाधेचे तुरळक अहवालही आहेत. कावीळ, गडद मूत्र, अरुची दिसताच औषध थांबवून तपासणी करावी.

सरावाने कर्षित झालेल्या वातप्रधान खेळाडूत मात्राबस्ती उपयुक्त ठरतो. चरकाने तो व्यायाम, भारवहन व मार्गगमनाने कृश झालेल्यांना हितकर सांगितला आहे आणि त्यात परिहारही फारसा नाही.

आता टाळावयाच्या द्रव्यांकडे वळू. उत्तेजकविरोधी नियमांत खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध पदार्थ सापडला की हेतू काहीही असला तरी जबाबदारी त्याचीच मानली जाते. "आयुर्वेदिक होते", "वैद्याने दिले होते" हे उत्तर त्याला सोडवीत नाही. निषिद्ध यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. आपल्या औषधांपैकी पुढील द्रव्ये या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

कुचला : यातील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, नवजीवन रस यांत कुचला असतो. १९०४ सालच्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉनविजेता थॉमस हिक्स याला शर्यतीत स्ट्रिक्नीन व ब्रँडी पाजली गेली होती आणि तो अंतिम रेषेपाशी कोसळला, हा इतिहास या द्रव्याला आहे.

वत्सनाभ : अ‍ॅकोनाइट जातीच्या वनस्पतींत हायजेनामाइन आढळते. ते २०१७ पासून यादीत नावानिशी असून सर्वकाळ निषिद्ध आहे. कमळबीजातील कोंबात आणि गुळवेलीची सगोत्र टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीतही ते असते. म्हणून गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच असल्याची खात्री करावी.

सोमलता व बला : सोमलतेतील एफेड्रिन स्पर्धाकाळात मूत्रात प्रतिमिलिलिटर १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास दोष ठरतो. बला म्हणजे सिडा कॉर्डिफोलिया, हिच्यातही एफेड्रिन वर्गाची द्रव्ये अल्प प्रमाणात नोंदली गेली आहेत. नावातच बल असलेले हे द्रव्य स्पर्धेच्या सुमारास पोटात देऊ नये. बाह्य अभ्यंगाची गोष्ट निराळी.

भांग व अहिफेन : भांगेतील मुख्य मादक द्रव्य आणि अफूतील मॉर्फिन स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. जातीफलादि चूर्ण, मदनानंद मोदक, कामेश्वर मोदक यांत भांग, तर कर्पूर रस, कामिनी विद्रावण रस यांत अफू असते. प्रवासात अतिसार झाला म्हणून सहज घेतलेली मात्रा महागात पडू शकते.

आसव-अरिष्टांविषयी विचारणा होते. मद्यार्क २०१८ पासून निषिद्ध यादीत नाही. तरीही सरावाच्या व लढतीच्या दिवशी ते टाळणे शहाणपणाचे.

आमच्याकडे आलेल्या एका तरुण मुष्टियोद्ध्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. मणिबंधात वेदना व हाताला मुंग्या अशी तक्रार होती. स्पर्धा नऊ दिवसांवर होती. चालू असलेली सर्व औषधे घेऊन येण्यास सांगितले तेव्हा पिशवीतून चार डब्या निघाल्या. एकीवर कुचल्याचा स्पष्ट उल्लेख होता, ती त्याला 'वाताची गोळी' म्हणून एका ओळखीच्याने दिली होती. दुसरी 'ताकदीची पावडर', जिच्यावर घटकांची यादीच नव्हती. दोन्ही त्वरित बंद केल्या. त्याने संघाच्या डॉक्टरांना सर्व माहिती लेखी द्यावी असे सुचविले. त्यांच्या सल्ल्याने तो त्या स्पर्धेत उतरला नाही. मुलगा रडला, वडील रागावले. चार महिन्यांनी मणिबंध बरा झाल्यावर, बांधणीचे कापड नीट गुंडाळण्यास शिकून, तो पुढच्या स्पर्धेत खेळला. एक स्पर्धा बुडाली, पण नमुन्यात स्ट्रिक्नीन सापडले असते तर काही वर्षे बुडाली असती.

७. औषधविक्रेते व निर्मात्यांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये विषवर्गीय आयुर्वेदीय द्रव्ये दिली आहेत. कुचला, वत्सनाभ, भांग व अहिफेन त्यांत येतात आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापणे बंधनकारक आहे. ग्राहक खेळाडू आहे का, हा एक प्रश्न विक्रेत्याने विचारावा. होकार आल्यास वरील वर्गातील औषध वैद्याच्या लेखी सल्ल्याविना देऊ नये. घटक न छापलेली, सुटी किंवा 'गुप्त योग' म्हणून येणारी चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. 'ताकदीच्या' आणि 'सांधेदुखीच्या' चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आपल्या व्यवसायाला ठाऊक आहेत. बिल, बॅच क्रमांक व सीलबंद वेष्टन जपून ठेवण्यास ग्राहकाला सांगावे. पुढे वाद झाल्यास तोच त्याचा व आपलाही पुरावा असतो.

२०२२ साली संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा संमत केला. खेळाडूला औषध देणारा, साहाय्य करणारा वैद्यकीय व्यावसायिकही नियमांच्या कक्षेत येऊ शकतो. खरोखर आवश्यक असलेल्या निषिद्ध औषधासाठी उपचारार्थ सवलतीची रीतसर तरतूद आहे. खेळाडूने त्यासाठी अर्ज करावा, वैद्याने कागदपत्रे द्यावीत.

८. मर्मविचार आणि शिरोभिघात

सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी सद्यःप्राणहर १९ आहेत. शंख, शृंगाटक, अधिपती, हृदय व नाभी ही त्यांतील मर्मे मुष्टियुद्धात प्रहाराच्या आवाक्यात येतात. हनुवटीवरील ठोशाने मस्तक झटक्याने फिरते आणि कवटीतील मेंदूला पीळ बसतो. बेशुद्धी येण्याचे ते मुख्य कारण. प्रौढ पुरुषांच्या स्पर्धांतून २०१३ साली शिरस्त्राण काढण्यात आले. परंतु शिरस्त्राण प्रामुख्याने जखमा रोखते, मेंदूचा हिसका ते फारसे थांबवीत नाही.

डोक्याला मार लागल्यावर गोंधळ, विस्मरण, चक्कर, प्रकाश सहन न होणे यांपैकी काहीही असल्यास त्या दिवशी सराव पूर्ण बंद. बेशुद्धी आलीच पाहिजे असे नाही. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, आकडी, बाहुल्यांत फरक, हातापायांत दुर्बलता यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रुग्णाला तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. नस्य, शिरोधारा करून पाहण्याची ही वेळ नव्हे. लक्षणे पूर्ण शमल्यावर तज्ज्ञाच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने पुनरारंभ करावा. पहिला आघात भरून येण्याआधी झालेला दुसरा आघात क्वचित प्राणघातक ठरतो.

उपसंहार

ठोशाची शक्ती वाढविणे म्हणजे समोरच्याच्या मस्तकावर पडणारा भार वाढविणे, हे वैद्याने विसरू नये. म्हणून बलाबरोबर तंत्र, बचाव व संयम यांचा आग्रह धरणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याच्याशी संवाद ठेवावा. आमची वाचक वैद्यांना व औषधविक्रेत्यांना विनंती आहे की खेळाडूच्या नोंदपत्रावर चार गोष्टी अवश्य लिहाव्यात : वजनगट, पुढील स्पर्धेची तारीख, चालू असलेली सर्व औषधे व पूरके, आणि डोक्याला यापूर्वी लागलेला मार. या चार ओळी भरून झाल्यावरच औषधपत्र लिहावयास घ्यावे. बहुतेक वेळा त्या औषधपत्रावर औषधापेक्षा भात, दूध, झोप आणि विश्रांतीच अधिक लिहावी लागेल, आणि चरकाच्या युक्तिकृत बलाच्या कल्पनेला ते धरूनच होईल.